रविवारची येळवस

धाकटी गेली तो शनिवार होता. शेतावरच्या चारही खोल्यांत पाहुणे होते. दुपारी तिनं भाकरी थापल्या, पाहुण्यांना वाढलं आणि चुलीपासून उठून भिंतीला पाठ टेकून बसली. छातीत दुखतंय म्हणाली. भावजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, गाडी काढली. अंबाजोगाईच्या अलीकडे तिचा श्वास थांबला. मी मागच्या सीटवर होते. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

भावजींचा फोन माझ्याकडे दिलेला होता आणि तो वाजत होता. मी उचलला. पाहुण्यांपैकी एक जण बोलत होते. "चहा सांगितला होता, इथं कोणी दिसत नाही." मी "येईल" म्हणाले. का म्हणाले ते मला माहीत नाही. इतक्या शनिवारांची सवय असावी.

धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ, माझ्या दिराची बायको. जावाजावांविषयी आपल्याकडे म्हणी पुष्कळ आहेत, त्यांत चांगली एकही नाही. त्यामुळे तिच्यासाठी मी रडले याचं लोकांना नवल वाटलं. "सख्खी बहीण गेल्यावानी करायलीय," असं माझ्या पाठीमागे कोणीतरी म्हणालं ते मी ऐकलं. मला सख्ख्या बहिणी आहेत. त्यांच्यापैकी कोणाबरोबर मी एवढी वर्षं एका चुलीवरचं खाल्लेलं नाही.

आमचं घर गावात आणि शेत युसूफ वडगावच्या रस्त्याला. मी जवळच्या एका शाळेत मराठी शिकवते. आमचे हे परळीला औष्णिक केंद्रात पाळीवर असतात. सुट्टीला येतात तेव्हा त्यांच्या बनियनच्या शिवणीत राख असते आणि ती कितीही धुतली तरी पुढच्या सुट्टीला पुन्हा असतेच. शेत दीर बघत, घर धाकटी. मी शाळेतून आले की ती धान्य निवडत बसलेली असायची आणि मी तिला काहीतरी वाचून दाखवायची. दहावीपर्यंत शिकली होती ती, पण स्वतः वाचायचा तिला कंटाळा. ऐकताना मधेच थांबवायची. "आक्का, ती बाई सकाळपसून जेवली का न्हाई?" लेखकानं ते लिहिलेलं नसायचं. माणसं पानोपानी दुःख करतात आणि कोणी त्यांना जेवायला बसवत नाही, ही तिची साहित्यावरची एकमेव टीका होती. मला ती अजून बिनतोड वाटते.

सगळ्याची सुरुवात हुरड्यानं झाली. दिरांची राजकारणातल्या माणसांत ऊठबस आहे. हिवाळ्यात शहरातून कोणी ना कोणी गाडी घेऊन यायचं. शेतात आगटी पेटवायची, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात ज्वारीची कणसं भाजायची, हातावर चोळून गरम दाणे आलेल्याच्या पुढ्यात टाकायचे. हुरड्याला आलेल्याकडून कोणी काही घेत नाही. रस्त्यानं जाणारा अनोळखी असला तरी हाक मारून बसवतात. एका हिवाळ्यात संभाजीनगरहून आलेले एक गृहस्थ निघताना म्हणाले, "असं खायला आम्ही पुण्याजवळ पैसे मोजून जातो. तुम्ही लोक वेडे आहात." ते कौतुकानं म्हणाले होते. दिरांच्या मनात त्यातला 'वेडे' तेवढा राहिला.

पुढच्या पावसाळ्याआधी शेतातल्या चिंचेजवळ चार खोल्या उभ्या राहिल्या. बाहेरून मातीच्या दिसणाऱ्या, आत फरशी आणि गरम पाणी. रस्त्याला पाटी लागली: घरचं जेवण, शेतातला मुक्काम. परळीला वैजनाथाचं दर्शन, अंबाजोगाईला देवीचं, मधली रात्र आमच्याकडे, असा शनिवार-रविवार शहरातल्या लोकांना सोयीचा पडू लागला. धाकटीला यातलं काही कोणी विचारलं नव्हतं. विचारायला हवं हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. पाहुण्यांना जेवू घालायचं काम ती आधीपासून करतच होती.

पाहुणे वाईट नव्हते. हे आधी लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून तसं वाटेल. ते लवकर थकणारे आणि सारखे आभार मानणारे लोक होते. धाकटीपेक्षा वयानं मोठ्या बायका तिला मावशी म्हणत. चुलीपुढे बसलेल्या बाईला दुसरं काय म्हणायचं, हे त्यांना सुचत नसावं. "मावशी, परत एकदा थापा ना, मघाशी व्हिडिओत तुमचा हात आला नाही." ती परत थापायची. एकीनं तर टोपलीतली भाकर पुन्हा तव्यावर टाकून फुगवून दाखवायला सांगितलं. धाकटी म्हणाली, "ताई, भाकर एकदाच फुगती. तिला काय ठावं तुमचा फोन बंद व्हता ते!" सगळे हसले. बाईंनी तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

सकाळच्या नाश्त्याचं तिला कधी पटलं नाही. आमच्याकडे सकाळी रात्रीची भाकर दुधात नाहीतर वरणात कुस्करून खातात. पाटीखाली 'पारंपरिक न्याहारी' असं लिहिलेलं होतं, म्हणून पहिल्या पाहुण्यांना तिनं तीच दिली. त्यांनी तिचे फोटो काढले आणि ऑम्लेट मिळेल का विचारलं. घरात अंडं शिजत नव्हतं. दिरांनी पोहे ठरवून टाकले.

"पोहे कवा आपले झाले?" धाकटीनं विचारलं.

"आपले न्हाईत. पाव्हण्यांचे हायेत," दीर म्हणाले. "पाव्हणं खातं ते करायचं."

गावाला मात्र हे पचलं नाही. खोल्या भाड्यानं देण्याला कोणाची हरकत नव्हती. केजला, परळीला लॉज आहेत, खानावळी आहेत, तिथं भाकरीला दर असतो आणि तो देताना कोणाला काही वाटत नाही. हरकत होती ती घरच्या चुलीवरच्या, घरच्या सुनेच्या हातच्या, आपल्याच शेतात वाढलेल्या भाकरीला. शेतात आलेल्याला घातलेल्या घासाचं मोल घ्यायचं नसतं. हे कुठं लिहिलेलं नाही आणि सगळ्यांना माहीत आहे. दिरांनाही माहीत होतं. त्यांना वाटलं, पाहुणे बाहेरचे आहेत, त्यांना हा नियम लागू नाही.

सुरुवातीला गाव नुसतं चेष्टेवर थांबलं. धाकटी गिरणीत दळण घेऊन गेली की गिरणीवाला विचारायचा. तो भावकीतलाच, नात्यानं दीर.

"वैनी, दळण लई मोठं. कुठलं वऱ्हाड उतरलंय?"

"पुण्याचं."

"आहेर काय करतेत?"

ती हसून घरी यायची आणि मला सांगायची. चेष्टा करणाऱ्यांना ती आपली माणसं समजायची. ती तिची रीतच होती. जो बोलतो तो दूर गेलेला नाही, असं ती धरून चालायची.

येळवस म्हणजे वेळ अमावास्या, मार्गशीर्षातली. आमच्या भागात आणि पुढे लातूर-धाराशिवकडे ती दिवाळीपेक्षा कमी नाही. बीडच्या पलीकडच्या अंगाला पुष्कळांना ती माहीतही नसते. शाळेतल्या नेकनूरकडच्या एका बाईंना मी वर्णन करून सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "हे कोणत्या जिल्ह्यात?" त्या दिवशी गावात कोणी राहत नाही. शेत असेल तो आपल्या शेतात जातो, नसेल तो दुसऱ्याच्या. कडब्याची कोप, म्हणजे लहानशी खोप, उभारायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे, दिवा लावायचा, लक्ष्मी पुजायची, उभ्या पिकातून पळत आंबील शिंपडायची आणि जेवायचं. भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, मडक्यातली आंबील. आमची भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे आणि चुक्याची भाजी बेसनात शिजवलेला घट्ट प्रकार. बांधावरून जाणाऱ्या प्रत्येकाला त्या दिवशी हाक मारायची असते. हाक आली की जायचं असतं. पोट भरलेलं असलं तरी घासभर खायचं. वर्षभर बांध कोरून एकमेकांना कोर्टात ओढणारी माणसं त्या दिवशी समोरासमोर बसून जेवतात आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा भांडतात. हाकेला न जाण्याचा अर्थ एकच होतो. त्या घराशी आपलं काही राहिलेलं नाही.

धाकटीच्या भज्जीसाठी लोक वाट वाकडी करून यायचे. आमच्या कोपीपुढची पंगत संध्याकाळपर्यंत मोडत नसे. तिला दागिन्यांची हौस नव्हती, कुठं जायची-यायची नव्हती. वर्षात तिचा म्हणावा असा हा एक दिवस होता.

एका येळवशीला पुण्याचे काही पाहुणे योगायोगानं मुक्कामाला होते. त्यांनी सगळं पाहिलं, खाल्लं आणि व्हिडिओ केला. मग फोन येऊ लागले. पुढची येळवस कधी आहे? कोणत्या वारी? अमावास्या कामाच्या दिवशी आहे म्हटल्यावर लोक हिरमुसायचे. कोणीतरी विचारलं, रविवारी नाही का करता येणार?

"दर रैवारी येळवस ठिवायची," दीर जेवताना म्हणाले.

धाकटीनं त्यांच्या ताटात भाकर वाढली. मग म्हणाली, "अमाशा अमाशाला येती. रैवारी कशी येईल?"

"हिवाळाभर करायची. हरभरा उभा हाय तवर."

"आन् लक्ष्मीला काय सांगायचं? पाव्हणे यायलेत, जरा चार दिस आधी ये?"

मला हसू आलं. दिरांना आलं नाही. ते माझ्याकडे वळले. "वैनी, तुमी शिकल्या-सवरल्या. तुमी सांगा हिला. देवळात रोज आरती हुती. देव म्हणतो का, कालच झाली म्हणून?"

"आरती रोजचीच असते, भावजी. ही वर्षाची आहे."

"मंग आता आठवड्याची करू. सणाला कोणी पेटंट घेतलंय का?"

पुष्कळ दिवस असं चाललं. शेवटी धाकटीनं एक अट घातली. रविवारी ती स्वयंपाक करील, आंबील करील, पाहुण्यांना पळायचं तर पळू दे. पण खऱ्या अमावास्येला शेतावर एकही पाहुणा नको. त्या दिवशी गाव जेवेल. दिरांनी कबूल केलं, आणि हे सांगायलाच हवं की त्यांनी ते शेवटपर्यंत पाळलं. त्या दिवशी खोल्यांना कुलपं असत.

दर आठवड्याला कडब्याची कोप कोण बांधणार, म्हणून त्यांनी रस्त्याकडेला सिमेंटची बांधली आणि वरून कडबा पांघरला. आत पाच दगड पक्के बसवले, चुन्याऐवजी ऑइलपेंट दिला. रविवारी सकाळी पाहुणे डोक्याला टॉवेल गुंडाळून हरभऱ्यातून पळत. आंबील शिंपडताना आम्ही जे चार शब्द ओरडतो त्यांचा अर्थ आम्हालाही माहीत नाही. आजोबा-पणजोबांपासून ते तसेच आलेत. पाहुणे ते शब्द क्रिकेटचा सामना जिंकल्यासारखे ओरडायचे. माझा संताप व्हायचा. धाकटी म्हणायची, "वरडू द्या, आक्का. हरभऱ्याला काय कळतंय, कोण वरडतंय!"

तिनं आपल्यापुरती वाट काढली होती. रविवारी सिमेंटच्या कोपीत ती दिवा लावत नसे, आणि त्या दिवशीची भज्जी स्वतः खात नसे. खऱ्या येळवशीला शेताच्या दुसऱ्या टोकाला कडब्याची कोप, चुन्याचे दगड, तुपाचा दिवा. तिच्या हिशेबी दोन्ही अगदी वेगळं होतं. एक पाहुण्यांचं जेवण, एक येळवस. दिवा लावला नाही म्हणजे देवाचं काही विकलं नाही, असं तिला मनापासून वाटत होतं.

पण दिवा रस्त्यावरून दिसत नाही. रस्त्यावरून सिमेंटची कोप दिसायची, आणि गावातल्या प्रत्येक फोनवर आमच्या हरभऱ्यातून पळणारे पुण्याचे लोक दिसायचे. खाली आमची पाटी, आमचा नंबर आणि माणशी दर.

त्या पहिल्या वर्षीची खरी येळवस मला नीट आठवते. आमचे हे रजा टाकून आले होते. धाकटीनं नेहमीएवढाच स्वयंपाक केला होता. पूजा झाली, आंबील शिंपडून झाली. पहिला बाहेरचा माणूस जेवल्याशिवाय ती जेवत नसे, म्हणून आम्हीही थांबलो. रस्त्यानं माणसं जात होती, कोणी पायी, कोणी बैलगाडीत, कोणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. ती बांधावर उभी राहून हाका मारत होती.

"अवो, या की! घासभर खाऊन जावा!"

"आत्ताच जेवलोय, वैनी."

"आमच्या हिकडं लई माणसं आलेत, जरा घाई हाय."

"येताना येतो."

येताना ते दुसऱ्या वाटेनं गेले.

गिरणीवाल्यानं मोटरसायकल थांबवली. मागं आणखी दोघं बसलेले. "वैनी, आज कोणता रेट हाय? अमाशाचा का रैवारचा?"

मागचे दोघं हसले. धाकटीही हसली. "तुमाला फुकट, भावजी. उतरा खाली."

"फुकटचं आमाला पचत न्हाई," तो म्हणाला आणि गाडीला किक मारली.

थोरल्या काकू, म्हणजे आमच्या चुलत सासू, नातवंडांना घेऊन आमच्या बांधापर्यंत आल्या. आमच्या लग्नांत आम्हा दोघींची ओटी त्यांनीच भरली होती. धाकटी पुढे धावली. काकूंनी इकडेतिकडे पाहिलं. आसपासच्या कुठल्याच बांधावरून कोणी आमच्याकडे येत नव्हतं. "गुडघा लई दुखायलाय गं," म्हणाल्या आणि नातवंडांना हाताला धरून मागे फिरल्या. त्यातलं एक नातवंड "मला भज्जी खायचीय" म्हणून रडत गेलं. ते आम्हाला बराच वेळ ऐकू येत होतं.

आम्ही घरचेच जेवलो. दीर दोन घास खाऊन उठले आणि मोटार बघून येतो म्हणून विहिरीकडे गेले. पातेलंभर भज्जी उरली.

घरी जाताना तिनं मला विचारलं, "कावून आले न्हाईत, आक्का?"

"त्यांना वाटतं आपण येळवस विकतो."

"पर मी येगळं ठिवलंय की. रैवारी मी दिवा लावत न्हाई."

"ते त्यांना कुठं दिसतं?"

तिनं डोक्यावरचं भज्जीचं पातेलं सावरलं. मग म्हणाली, "मंग सांगाय पायजे."

तिनं ते वर्षभर सांगितलं. गिरणीत सांगितलं, लग्नात सांगितलं, हळदी-कुंकवाला सांगितलं, बसची वाट बघताना शेजारी बसलेल्या बाईला सांगितलं. रविवारचं खरं नसतं, मी दिवा लावत नाही. सांगताना तिचा आवाज शाळेत गैरहजेरीचं कारण सांगणाऱ्या मुलीसारखा व्हायचा. गावाला नवी चेष्टा मिळाली. लाइट गेली की पारावर म्हणू लागले, "आज रैवार हाय का बे? दिवा न्हाई लागला."

मी तिला म्हटलं होतं, सांगू नकोस. सांगून असं काही पटत नसतं. ती म्हणाली, "तुमच्या पुस्तकांत कुणी कुणाला नीट सांगतच न्हाई, म्हणून समदं बिघडतं."

दुसरा हिवाळा लागला तेव्हा तिनं दिरांपाशी विषय काढला. या वर्षी रविवारची येळवस बंद ठेवा. पाहुण्यांना हुरडा द्या, पिठलं-भाकर द्या, मी पाहिजे ते रांधते. एवढं नको. दिरांनी संक्रांतीपर्यंतच्या खोल्या आधीच देऊन टाकल्या होत्या. येणाऱ्यांना येळवसच हवी होती. "येवढा एक हिवाळा जाऊ दे," ते म्हणाले. ते ओरडले नाहीत, रागावले नाहीत. मला वाटतं तेही थकले होते. गावानं त्यांनाही पारावर बसायला जागा देणं कमी केलं होतं. पण पुरुषांना त्यावर राजकारणाचं पांघरूण घालता येतं.

मग तिनं कोणी करत नाही ते केलं. अमावास्येच्या आधी ती कुंकवाचा करंडा घेऊन घरोघर आवतण द्यायला निघाली. येळवशीला असं आवतण नसतं. लग्नाला असतं, बारशाला असतं. येळवशीची हाक बांधावरूनच मारायची. ती दारात उभी राहून कुंकू लावायची आणि म्हणायची, "अमाशाला आमच्या शेतात या. तुमाला रामराम करून सांगते." बायका कुंकू लावून घ्यायच्या, "यिऊ की," म्हणायच्या, आणि ती वळली की एकमेकींकडे बघायच्या. मी दोन घरांना तिच्याबरोबर गेले होते. तिसऱ्या घरी माझ्याच्यानं जाववलं नाही. ती एकटी गेली.

आठवडाभर दिवसा आवतण आणि बाकी वेळ पाहुण्यांचा स्वयंपाक. छातीत जळजळतं म्हणाली तर आम्ही सगळ्यांनी ते पित्त धरलं. तिनंही धरलं. अमावास्या थोड्या दिवसांवर आली होती.

तिला परत शेतावरूनच घरी आणलं, कारण रस्ता तोच. पाहुण्यांतले बरेच निघून गेले होते. पुण्याची एक बाई मात्र थांबली होती. तिनं चूल विझवली होती, परात धुतली होती, उरलेल्या भाकरी फडक्यात बांधून ठेवल्या होत्या. आमची तिची ओळख नव्हती. आमच्या गाडीमागून ती घरी आली आणि अंधार पडेपर्यंत माझ्याजवळ बसली. तिचे मी कधी आभार मानले नाहीत. नंबर दिरांच्या फोनमध्ये असेल. शोधावासा वाटत नाही.

येळवस सुतकातच आली. सुतक असलेल्या घरी येळवस नसते, आणि तिथून कोणाला हाकही मारता येत नाही. शेतावर जायची रस्त्याची वाट आमच्या दारावरून जाते. मी खिडकीत बसून माणसं जाताना पाहिली. त्या वर्षी त्यांना हाक ऐकून न ऐकल्यासारखं करावं लागलं नाही.

तेरवी शेतावर केली. घरापुढे जागा पुरत नाही म्हणून. केजहून आचारी आणला. आणि सगळं गाव आलं. तेरवीला नाही म्हणत नाहीत. मेलेल्या माणसाचं जेवण नाकारलं तर त्याचा आत्मा अडकतो, असं आमच्याकडे मानतात. जिवंत माणसाच्या जेवणाबद्दल असं काही मानत नाहीत. सिमेंटच्या कोपीपुढे पंगती बसल्या. गिरणीवाला कंबरेला टॉवेल बांधून बुंदी वाढत होता, आग्रह करत होता. "घ्या, घ्या, लाजू नका. आपलंच घर हाय." त्याचे डोळे लाल झालेले होते. तो खोटं रडत होता असं मला म्हणता येत नाही. ते म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

बायकांच्या पंगतीत तिच्या हाताच्या चवीचं बोलणं चाललं होतं. लई गुणाची. लई चवीचं करायची. तिच्या भज्जीची सर कशाला न्हाई. मी वाढता वाढता थोरल्या काकूंपुढे थांबले.

"काकू, तिच्या हातची भज्जी तुम्ही शेवटची कधी खाल्ली?"

काकूंनी घास ताटात ठेवला. "मी येणार व्हते बाई. मागल्या बारीला बी येणारच व्हते. बांधापतुर आलते की. तू बघितलंस." मग हळू म्हणाल्या, "कोणीच जाईना, म्हणून म्या बी गेले न्हाई. एकजण जरी तुमच्या कोपीपाशी बसलेला दिसला असता ना, तरी मी आले असते."

"आणि या वर्षी?"

"या बारीला समदेच येणार व्हते. तिनं कुंकू लावलंतं की."

हे मला नंतर पुष्कळांनी सांगितलं. या वर्षी आम्ही येणारच होतो. ज्यांच्या दारात मी तिच्यासोबत उभी होते आणि ज्यांच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलेलं मी पाहिलं होतं, त्यांनीही सांगितलं. खरं काय ते आता कोणालाच कळणार नाही, आणि गावाच्या दृष्टीनं ते फार सोयीचं आहे. घडलं नाही त्याबद्दल माणूस कितीही चांगलं बोलू शकतो.

दिरांना मी एकदाच विचारलं, हे बंद करणार का. ते चिंचेखाली बसले होते. हातातल्या खोल्यांच्या किल्ल्या त्यांनी बाजूला ठेवल्या. मग म्हणाले, "वैनी, हे तिनं उभं केलंय. तिच्या हातानं चाललंय. बंद करून तिचं काय ठिवू?" आणि रडू लागले. मला उत्तर देता आलं असतं. रडणाऱ्या माणसाला उत्तर देण्याची आमच्याकडे पद्धत नाही, आणि आमच्या घरातल्या पुष्कळ गोष्टी या पद्धतीमुळे तशाच राहिल्या आहेत.

पुढच्या वर्षी येळवशीची अमावास्या येऊन गेली. सुतक केव्हाच फिटलं होतं. त्या दिवशी खोल्यांना कुलपं होती, दिरांनी तेवढं पाळलं. कोपीसाठी कडबा कोणी बाजूला काढला नव्हता. आमचे हे परळीलाच थांबले. काकूंनी निरोप पाठवला होता, आमच्या शेतात जेवायला ये. मी गेले नाही. शाळेला सुट्टी होती. घरात पेपर तपासत बसले, आणि दुपारी एकटीपुरता भात लावला.

आता शेतावर चार खोल्या आहेत. शनिवार-रविवारी पाहुणे येतात. भाकरीला एक बाई पगारानं ठेवली आहे आणि ती कोपीत दिवा लावते, कारण पाहुण्यांना तो हवा असतो. येळवशीला आमच्या शेतात स्वयंपाक होत नाही.